जोगाकबो शिवायला घेताना : चिंध्यांपासून पहिल्या रुमालापर्यंत

घरात कुणाला गोधडी शिवताना पाहिलं असेल, तर जोगाकबो, म्हणजे तुकडे जोडून शिवलेला कोरियन रुमाल, समजण्याचं अर्धं काम झालेलंच आहे. उरलेलं अर्धं हाताची सवय बदलण्याचं आहे आणि वेळ तिथेच जातो. गोधडीत आपण पदरावर पदर टाकतो आणि धावदोऱ्याने ते एकमेकांना धरून ठेवतो. जोगाकबोत पदर एकच. खाली अस्तर नाही, मध्ये भरण नाही, त्यामुळे लपवायला जागाच नाही. कापड उजेडात धरलं की प्रत्येक शिवण दिसते, आणि ती दिसावी म्हणूनच घातलेली असते. नव्याने शिकणाऱ्याला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते : तुकडे म्हणजे रंग आणि शिवण म्हणजे रेघ. चित्र रेघेने काढायचं आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. कोरियात वस्तू बांधायच्या, झाकायच्या, वाहून न्यायच्या चौकोनी कापडाला बोजागी म्हणतात. जोसन राजवटीच्या काळात (१३९२ ते १९१०) घरातलं बहुतेक सगळं बोजागीत असे : अंथरूण, कपडे, लग्नात द्यायच्या भेटी, ताटावरचं झाकण. आपल्याकडे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत आणि त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना बोजागीची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जोगाक म्हणजे तुकडा. तुकडे जोडून केलेली बोजागी ती जोगाकबो.

राजवाड्यातल्या बोजागी अखंड कापडाच्या असत. तुकड्यांच्या बोजागी सामान्य घरांतल्या. हातमागावरच्या कापडाचा पन्हा अरुंद, साधारण ३०-३५ सेंटिमीटरचा. हानबोक हा कोरियन पोशाख बेतताना बाहीच्या आणि गळ्याच्या वळणाला जे तुकडे उरत, ते बायका जपून ठेवत आणि जोडत. एवढे टाके घालताना शिवणारीने जे चांगलं चिंतलं ते कापडात उतरतं आणि वापरणाऱ्याला मोठं आयुष्य मिळतं, अशी समजूत होती. या बायकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत.

आजच्या कलाकारांनी नेमकं हेच हातात घेतलं. चुंगही ली या कोरियन कलावतीने जोगाकबोवर अनेक वर्षं काम केलं आणि अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये ते शिकवलंही. त्यांच्या कामाच्या एका मालिकेचं नावच ‘नो-नेम विमेन’ आहे. जुन्या काळच्या अनाम कोरियन स्त्रियांचे फोटो त्या स्क्रीन प्रिंटिंगने कापडावर छापतात आणि त्या छापील कापडाचे तुकडे जोगाकबोच्या शिवणीने जोडतात. आयुष्यभर अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून ओळखली गेलेली बाई त्या कापडातून थेट आपल्याकडे बघते. मला त्यांच्या पद्धतीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती ही की, त्यांनी जुन्या कलाकुसरीची नक्कल करत बसण्यापेक्षा ती का जन्मली हे पकडलं. उरलेलं कापड आणि विसरली गेलेली माणसं त्यांनी एका शिवणीत आणली.

दुसरं नाव किमसूजा यांचं. १९५७ साली देगू इथे जन्मलेल्या या कलावतीचा प्रवास सुरू झाला १९८३ मध्ये, आईबरोबर बसून पलंगपोस शिवताना. सुई कापडातून आरपार गेली त्या क्षणी आपल्याला काहीतरी मोठं उमगलं, असं त्या सांगतात. पुढे त्यांनी बोत्तारी, म्हणजे बोजागीत बांधलेलं गाठोडं, हीच आपली शिल्पाकृती केली. १९९७ मध्ये ट्रकभर बोत्तारी रचून त्यांवर बसून त्यांनी ११ दिवसांत कोरियात २७२७ किलोमीटरचा प्रवास केला. मुंबईवरही त्यांची एक व्हिडिओकृती आहे, ‘मुंबई : अ लाँड्री फील्ड’. धुतलेले, वाळत घातलेले, अंगावरचे कपडे या शहरात कसे सगळीकडे दिसतात, ते त्यांच्या नजरेला बरोबर पडलं.

आता हात चालवू.

कापड

जोगाकबोचं सर्वांत सुंदर कापड म्हणजे मोसी. रॅमी नावाच्या झुडपाच्या सालीपासून काढलेल्या धाग्याचं हे विणकाम. दक्षिण चुंगचाँग प्रांतातल्या सोचॉन भागातलं हानसान हे गाव त्यासाठी नावाजलेलं आहे, आणि तिथल्या मोसी विणकामाला युनेस्कोने २०११ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बायका साल दातांनी चिरून तिचे केसासारखे धागे करतात आणि गुडघ्यावर वळून टोकाला टोक जोडतात. हवा कोरडी असली की धागा तुटतो, म्हणून विणायची खोली दमट ठेवतात. कापडाची बारकाई ‘से’ या मापात मोजतात : एका सेमध्ये ८० उभे धागे, म्हणजे १० सेच्या मोसीत सुमारे ३० सेंटिमीटरच्या पन्ह्यात ८०० धागे. हे वाचल्यावर त्याची चिंधीसुद्धा का टाकवत नसेल ते लक्षात येतं.

शिकताना मोसी शोधत फिरू नका. महाग पडते आणि पहिल्या कामात ती वाया जाण्याची भीती हात आखडते. सुती ऑर्गंडी घ्या. ती पातळ आहे, कडक आहे, घडी धरून ठेवते, आणि हे तिन्ही गुण आपल्याला हवेत. त्याहून चांगलं म्हणजे घरातलं जुनं धोतर किंवा विरळ झालेली सुती साडी. तिला दाट खळ द्या, अर्धवट ओली असताना इस्त्री करा, कागदासारखी करकरीत झाली की कापा. सिल्क ऑर्गंझा दिसायला मोहक, पण बोटांतून निसटतो आणि कड सारखी सुटते. तो तिसऱ्या-चौथ्या कामाला घ्या.

नवं कापड आणून त्याचे एकसारखे चौकोन कापायची ओढ होईल. मी माझं पहिलं काम असंच केलं होतं : ५ सेंटिमीटरचे ३६ चौकोन, मोजून मापून. शिवण चांगली आली आणि कापड निर्जीव झालं. जोगाकबोत तुकड्याचा आकार तुकडाच ठरवतो. गळ्याचा उरलेला त्रिकोण, बाहीची निमुळती पट्टी, काठाचा लांबट तुकडा हे जसे आहेत तसे घ्या, फक्त कडा सरळ करा. जमेल तिथे कड धाग्याला धरून कापा. उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कापलेली कड शिवताना ताणली जाते आणि जोड लाटेसारखा होतो. त्रिकोणाची एखादी बाजू उरेब येणारच, तेव्हा तिच्या शेजारी सरळ धाग्याची कड लावा, म्हणजे ती आवरली जाते.

बाकीचं सामान

बारीक सुई, ९ किंवा १० नंबरची. दोरा पातळ आणि पक्का. एका हाताएवढाच दोरा ओवा, लांब दोरा ऑर्गंडीतून जाता जाता झिजतो. रंग दोन प्रकारे निवडता येतो : कापडात मिसळणारा, किंवा मुद्दाम वेगळा दिसणारा. पहिल्या कामाला वेगळा दिसणारा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पांढऱ्या कापडावर लाल किंवा निळा टाका घातला की आपली चूक आपल्यालाच दिसते आणि हात तिसऱ्या दिवसापासून सुधारायला लागतो. जुन्या कामांतही असे वेगळ्या रंगाचे टाके नक्षीसारखे उमटलेले दिसतात.

कातर, पट्टी, टाचण्या, इस्त्री आणि अंगुस्ताना. कोरियन अंगुस्ताना, गोल्मू, कापडाचे थर चिकटवून केलेला असतो आणि तो तर्जनीवर चढवतात. पूर्वी शिवणीवर घडी बसवायला इंदू नावाची छोटी, लांब दांड्याची इस्त्री निखाऱ्यात तापवत. जोसन काळातल्या साहित्यात सुई, दोरा, पट्टी, कातर, अंगुस्ताना, इंदू आणि मोठी इस्त्री अशा सात जणी स्त्रीच्या खोलीतल्या सख्या म्हणून येतात. आपल्याला इंदूचं काम नखाने करता येतं. कडक कापडावर पट्टी ठेवून नख दाबून ओढलं की घडीची रेघ उमटते, खडूची गरजही लागत नाही.

मांडणी खिडकीवर करा

टेबलावर तुकडे मांडून रंग ठरवू नका. तुकडे कागदी चिकटपट्टीने खिडकीच्या काचेला लावा आणि दिवसाउजेडी दोन पावलं मागे सरकून बघा. टेबलावर वेगळे वाटणारे दोन पिवळे उजेडात एक होतात आणि फिका गुलाबी अगदीच पुसला जातो. पहिल्या कामाला २५ सेंटिमीटरचा चौकोन आणि सात ते नऊ तुकडे पुरेत. एकाच रंगाच्या तीन-चार छटा आणि एक गडद तुकडा. गडद तुकडा मध्यभागी ठेवू नका, बाजूला सरकवला की नजर फिरती राहते.

मांडताना एक नियम पाळा : प्रत्येक जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला पाहिजे. कोनात अडकलेला तुकडा शिवायला नवख्याच्या हाताला जमत नाही. म्हणून आधी दोन तुकडे जोडा, त्यांच्या लांब बाजूला तिसरा, असे छोटे गट तयार करा आणि मग गटाला गट जोडा. चार कोपरे एका बिंदूवर येऊ देऊ नका, तिथे पदर इतके साचतात की सुई वाकते. भिंतीतल्या विटांसारखे जोड पुढेमागे ठेवा. मांडणी पटली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शिवताना क्रम हमखास विसरतो.

शिवण

हा सगळ्याचा गाभा आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. एकपदरी जोगाकबोची शिवण म्हणजे सामसोल. त्यात एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या कडेला कुशीत घेते, त्यामुळे कापलेली कड पुढून-मागून कुठूनच उघडी राहत नाही. हातटाका असतो गामचिमजिल, म्हणजे घडीवरून वळसा घेत जाणारा, आपल्या तुरपाईच्या जवळचा.

दोन तुकडे घ्या. त्यांना क आणि ख म्हणू. क तुकड्याला जोडाच्या बाजूने १ सेंटिमीटर मार्जिन ठेवा, ख तुकड्याला अर्धा सेंटिमीटर. दोन्ही मार्जिन उलट्या बाजूला दुमडून नखाने किंवा इस्त्रीने घडी बसवा. गडद तुकड्याला क करा, कारण त्याचं रुंद मार्जिन फिक्या तुकड्यावर येऊन पडतं आणि रेघ ठळक दिसते.

आता दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा आणि दुमडलेल्या दोन्ही घड्या एका रेषेत जुळवा. दोन टाचण्या पुरेत. दोऱ्याची गाठ मार्जिनच्या आत लपेल अशी सुरुवात करा. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी उजवीकडून डावीकडे जायचं. सुई घडीला काटकोनात, मागच्या घडीतून आपल्याकडे काढायची आणि दोन्ही घड्यांचे एक-दोन धागेच उचलायचे. जास्त उचललं की जोड उघडल्यावर मध्ये कंगोरा उभा राहतो. दोन टाक्यांत २ मिलिमीटर अंतर. दोरा टेकेपर्यंत ओढायचा, आवळायचा नाही.

दहा सेंटिमीटरच्या जोडाला असे पन्नास टाके होतात. पहिले वीस वेडेवाकडे येतील. उसवू नका, पुढे चला. टाक्यांचं अंतर डोळ्याने मोजण्यापेक्षा हाताच्या लयीवर सोडलं तर ते लवकर सारखं होतं. आमच्याकडे वाती वळताना किंवा शेवया पाडताना जसं बोलता बोलता हात आपोआप चालतो, तशी लय हवी.

शेवटाला पोचलात की जोड उघडून सपाट करा आणि उलट बाजू वर घ्या. कचं रुंद मार्जिन क तुकड्यावर पडलेलं दिसेल, खचं अरुंद ख तुकड्यावर. कचं मार्जिन घडीवरून उचलून खच्या बाजूला आणा. ते अरुंद मार्जिनच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर उरेल. तो उरलेला भाग अरुंद मार्जिनच्या कडेभोवती गुंडाळून आत खुपसा आणि नखाने दाबा. आता अर्ध्या सेंटिमीटरची नेटकी पट्टी ख तुकड्यावर बसली. तिची मोकळी बाजू त्याच टाक्याने खला शिवून टाका. आणखी पन्नास टाके. पट्टीच्या दोन्ही अंगांना टाक्यांच्या दोन बारीक ओळी येतात.

उजेडात धरून बघा. बाकी कापड एकपदरी आहे आणि शिवणीत चार पदर आहेत : खचं अंग, आत खुपसलेली कड, अरुंद मार्जिन आणि वरचं रुंद मार्जिन. म्हणून तिथून उजेड कमी येतो आणि रेघ गडद दिसते. सगळी जादू या चार पदरांची आहे.

मार्जिन वाचवायला जाऊ नका. कापड जपायच्या नादात मी एकदा दोन्हीकडे ३ मिलिमीटरच ठेवलं होतं. पहिल्याच धुण्यात एक अख्खा जोड सुटून हातात आला, कारण कापडाची कड टाक्यांतून निसटून गेली होती. ते परत जोडता येत नाही, तुकडाच नवा लावावा लागतो. सरावलेले कारागीर बारीक शिवण घालतात. मशीनवर तीन वेळा टीप मारून केलेली केक्की नावाची शिवण तर २-३ मिलिमीटरचीच असते. आपण अर्ध्या सेंटिमीटरवर राहावं.

गट जोडताना आडवी शिवण जिथे उभ्या शिवणीला भिडते, तिथे जाडी होते. आधीच्या पट्टीचा मार्जिनमध्ये येणारा कोपरा आतून तिरका छाटा, पण टाक्यापर्यंत कातर नेऊ नका. प्रत्येक जोडानंतर इस्त्री करा. सगळं झाल्यावर एकदम करू म्हटलं की चौकोन कधीच चौकोन होत नाही.

कड आणि टोकं

चारही बाजू पट्टीने सरळ करून घ्या. कड अर्धा सेंटिमीटर दुमडा, पुन्हा अर्धा दुमडा आणि त्याच टाक्याने शिवा. रुमाल बांधायला वापरायचा असेल तर एका किंवा चारही कोपऱ्यांना त्याच कापडाच्या नाड्या लावा. ताट झाकायला हवा असेल तर मधोमध छोटी कापडी मूठ लावतात, बोटांनी उचलता यावी म्हणून. जोडांच्या कोपऱ्यावर घडी घातलेल्या चिंधीचं इवलंसं वटवाघूळ टाचायचीही रीत आहे. चिनी लिपीतल्या वटवाघुळाच्या आणि भाग्याच्या अक्षरांचा कोरियन उच्चार एकच, ‘बोक’, म्हणून ते शुभ मानतात. टाके तिथे ताणले जातात, त्यामुळे ते वटवाघूळ जोडाला आधारही देतं.

दुसरा रुमाल तुमच्या माणसांचा

पहिला रुमाल हात बसवण्यासाठी. दुसऱ्यात चुंगही ली यांच्या वाटेने जाऊन बघा. घरातल्या एखाद्या बाईचा जुना फोटो काढा, आजीचा, पणजीचा. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले गावोगाव आहेत. त्यांच्याकडे तो फोटो एका रंगात पांढऱ्या सुती कापडावर छापून मिळतो. धुतल्यावर टिकणारा रंग मागा आणि कापड आधी धुवून, इस्त्री करून न्या. खळ छापून आल्यावर द्या.

मग कापा. इथे हात थांबतो, माझाही थांबला होता. चेहरा अखंड ठेवावासा वाटतो. एक प्रत तशी ठेवा, दुसरी कापा. शिवण डोळ्यांवरून किंवा ओठांवरून जाऊ देऊ नका, कपाळावरून, खांद्यावरून जाऊ द्या. शिवणीत दोन्ही मार्जिन मिळून दीड सेंटिमीटर चित्र आत जातं हे धरून कापण्याच्या रेषा आखा, नाहीतर कुंकू आत गडप होतं. चेहऱ्याच्या शेजारी त्याच माणसाच्या साडीचा तुकडा लावता आला तर फारच चांगलं. नऊवारीचा झिरझिरीत झालेला मधला भाग कुणी फेकून देतं, कुणी पुसायला घेतं. तो खळ दिल्यावर जोगाकबोला उत्तम चालतो.

खरी जुनी कामं बघायची संधी मिळाली तर सोडू नका. हु दोंग-ह्वा आणि पार्क यंग-सुक या दांपत्याने बोजागी आणि भरतकाम आयुष्यभर जमवलं, सोलमध्ये त्याचं संग्रहालय चालवलं आणि २०१८ मध्ये हजारो वस्तूंचा तो संग्रह शहराला दिला. आज तो २०२१ मध्ये उघडलेल्या सोल म्युझियम ऑफ क्राफ्ट आर्टमध्ये आहे. फोटोत मांडणी कळते, टाका कळत नाही. तो काचेला नाक लावूनच पाहावा लागतो.

रुमाल खिडकीत टांगणार असाल तर थेट दुपारच्या उन्हात नको, रंग उडतात. सकाळचं ऊन चांगलं. ठेवून द्यायचा असेल तर खळ धुवून टाका, नाहीतर कसर लागते. पुन्हा काढाल तेव्हा पुन्हा खळ द्या. आणि कड शिवून झाल्यावर, दोरा तोडायच्या आधी, एका कोपऱ्यात बखियाने नाव घाला. फोटोतल्या बाईचं माहेरचं नाव माहीत असेल तर ते, त्याच्या खाली तुमचं, आणि साल.